एक पान गळलं नाही

नववीच्या पुस्तकात एक धडा असायचा. झाड पाणी कसं पितं, ते वर कसं चढतं आणि पानांतून कसं उडून जातं याचा. सुरुवातीची वर्षं मी तो हौसेनं शिकवला, नंतर नुसता उरकला. फळ्यावर आकृती काढायची, नावं लिहायची, 'लिहून घ्या' म्हणायचं आणि खिडकीबाहेर बघत उभं राहायचं. एखादी चुणचुणीत मुलगी विचारायची, "बाई, प्रयोग नाही करायचा?" मी तिच्यावर खेकसायचे. तिचा काय दोष? दोष माझा होता. तो कसा ते आज लिहून टाकते, कारण इतकी वर्षं मनात ठेवून तो काही जिरला नाही.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. पारोळ्याच्या थोडं अलीकडे, धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या हमरस्त्याला लागून आमची वस्ती होती. बावीस घरं, सगळी बौद्धांची. कोणी शेतात मजुरीला, कोणी गिरणीत, एकदोघं सरकारी नोकरीत. माझ्या वडिलांना मी आबा म्हणायचे, आणि सगळी वस्तीही आबाच म्हणायची. ते धुळ्याला एसटीत मेकॅनिक होते, नुकतेच रिटायर झालेले. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी लग्न केलं नव्हतं. धुळ्याच्या एका हायस्कुलात शिकवायचे आणि रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही तोंडाचे फटकळ, त्यामुळे आमच्या घरातून आवाज येत नाही असा दिवस नसायचा.

वस्तीच्या तोंडाशी छोटं विहार होतं, पत्र्याचं. त्याच्यासमोर, रस्त्याच्या अंगाला, पिंपळ. विहाराचा पाया भरला त्या साली आबांनी तो पत्र्याच्या डब्यातून आणून लावला होता आणि आईनं वाढवला होता. तिचं पाणी भरून झालं की शेवटची कळशी पिंपळाला. नळाला पाणी नसलं तर भांडी विसळलेलं पाणी. आठ-नऊ वर्षांत तो असा आडदांड वाढला की पार विहाराच्या पत्र्याच्या वर गेला. आम्ही कोणी त्याला कुंकू लावत नव्हतो की फेऱ्या मारत नव्हतो. आबांना असल्या गोष्टींची भयंकर चीड. कोणी नवं आलेलं माणूस त्याला हात जोडायला लागलं की ते लांबूनच ओरडायचे, "झाड शे ते, देव नही!" एरवी ते साधं पुस्तकी मराठी बोलत, पण चिडले किंवा गहिवरले की अहिराणीवर यायचे. वंदना मात्र पिंपळाखालीच व्हायची, बाया दुपारी निवडण-टिपण घेऊन तिथंच बसायच्या, आणि आई गेल्यावर आबाही संध्याकाळी तिथं जाऊन बसायला लागले. घरी यायला सांगितलं तर म्हणायचे, "घरात काय शे?"

त्या धड्याचा प्रयोग मी आधी घरी करून बघायचे. एका पावसाळ्यात तेरड्याचं रोप मुळासकट उपटून लाल शाईच्या पाण्यात ठेवलं. तेरड्याचं खोड काचेसारखं, आतलं दिसतं. तासाभरात लाल रेघा वर सरकायला लागल्या. आबा चहाचा कप हातात धरून उकिडवे बसले, चहा निवला तरी उठेनात.

"पंप कुठंय?" त्यांनी विचारलं.

"पंप नाही आबा."

"असं कसं? पाणी वर चढतं म्हणजे पंप पाहिजेच. मला शिकवू नको, माझी हयात त्यात गेली."

मग मी त्यांना पिंपळाखाली नेलं. एका फांदीला पानांसकट प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि थोड्या वेळानं दाखवली. आतून पिशवीला थेंब जमलेले. म्हटलं, पानं दिवसभर पाणी हवेत सोडतात, आणि जितकं सोडतात तितकं खालचं पाणी वर ओढलं जातं. मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची एक अखंड दोरी असते. कोणी खालून ढकलत नाही, वरून ओढलं जातं.

"म्हणजे पंप वर आहे," आबा म्हणाले. "पानं म्हणजे पंप. वा रे पठ्ठ्या!" पुढचे चार दिवस त्यांनी वस्तीत भेटेल त्याला पकडून हे सांगितलं. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! सातवी शिकलेल्या मेकॅनिकला मी बाष्पोत्सर्जन समजावलं होतं.

पुढच्या वर्षी पौषात रस्त्याच्या रुंदीकरणाच्या खुणा झाल्या. चुन्याची पांढरी रेघ विहाराच्या पायरीला घासून गेली. विहार वाचत होतं, पिंपळ जात होता. रस्त्याचं काम बघणारा साहेब भला माणूस होता. म्हणाला, झाड तोडायचं नसेल तर मागे हलवा, मे संपेपर्यंत मी हात लावू देणार नाही. विहारामागं पन्नास पावलांवर मोकळी जागा होती, मुरमाड, पण जागा होती. आबा इतके खूश झाले की त्यांनी साहेबाला घरी आणून चहा पाजला.

माघात विहारात बैठक झाली. पिंपळाची पानं तेव्हा झडायला लागली होती. महिनाभरात तो पूर्ण उघडा होणार आणि चैत्राच्या तोंडावर तांबूस पालवी फुटणार, हे त्याचं दरवर्षीचं. मी उभी राहिले आणि म्हटलं, हलवायचा तर आता, पानं नसताना. खणताना मुळं तुटणारच, तुटक्या मुळांना पाणी ओढवत नाही. वर पानं नसली तर खर्चही नाही, झाड तग धरेल.

सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एक एक जण बोलायला लागला. एप्रिलमधली जयंती यंदा शेवटची पिंपळाखाली होऊ द्या. आणि लावायचाच आहे तर बुद्धपौर्णिमेला लावा, त्याच्यासारखा दिवस नाही, बाहेरगावचे लोक येतील, भिक्खू येतील. मी म्हटलं, बुद्धपौर्णिमा वैशाखात येते, वैशाखात आपल्याकडे माणसं वाळतात. तर सगळे हसले. मीही हसले. बैठकीत एवढी शहाणी मीच होते आणि मी हसले! दिवस ठरला.

वैशाखात पिंपळ हिरवागार झाला होता. इतका घनदाट मी त्याला कधी पाहिला नव्हता. शाळेला सुट्टी लागली होती. पौर्णिमेच्या आठवडाभर आधी मी आबांना बसवून सांगितलं, की निदान पानं तरी काढू. सगळी फांदीतोड करू, चार-पाच हात खोड ठेवू. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा फुटेल.

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "तूच म्हणालीस ना, पानं पाणी ओढतात?"

"हो, पण..."

"मग पानं काढल्यावर पाणी चढंल कसं? पंपच काढून टाकला तर गाडी चालंल का? आणि पौर्णिमेला लोक येतील ते काय बोडका खुंट बघायला? तुझ्या आईनं त्याचं एक पान कोणाला तोडू दिलं नाही. मला विचारतेस तर मी कोयता लावू देणार नाही."

खरं तर उत्तर अगदी सोपं होतं. विहिरीत पाणी नसताना पंप चालू ठेवला तर काय होतं? मोटर जळते. एवढं म्हटलं असतं तर आबांना एका क्षणात पटलं असतं, आयुष्यभर इंजिनं उघडलेला माणूस तो. पण हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं, धुळ्याच्या गाडीत उभं असताना, शाळेतून निकालाचे कागद आणायला निघाले होते तेव्हा. तेव्हाही उशीर झाला नव्हता. घरी येऊन सांगायचं होतं. घरी आले तर आबा जुनं बनियन घालून गोणपाटाचे तुकडे जोडून शिवत होते, पिंपळाच्या मुळांना गुंडाळायला. ते काहीतरी गुणगुणत होते. आई गेल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. मी आत जाऊन भाकरी टाकल्या. जळलं मेलं ते माझं शिक्षण!

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पहाटे खणायला सुरुवात झाली. वस्तीतले पंधरा-वीस पुरुष, भोवती गोल चर, मधे मुळांचा मातीसकट गड्डा. जाड मुळं कुऱ्हाडीनं तोडताना पांढरा चीक वाहत होता. मी वरून बघत होते. केसासारखी बारीक मुळं, ज्यांच्यातून झाड खरं पाणी पितं, ती सगळी चराच्या पलीकडच्या मातीत राहिली. ती कोणाला दिसलीही नाहीत, दिसण्यासारखी नसतातच. ट्रॅक्टरची ट्रॉली, साखळ्या, फळ्या, आरडाओरडा करत दुपारपर्यंत पिंपळ मागच्या खड्ड्यात उभा राहिला. एक फांदी मोडली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी वंदना झाली, खीर झाली, बाहेरगावची माणसं झाडाला बघून आबांचं कौतुक करून गेली.

चौथ्या दिवशी दुपारी पानं माना टाकून लोंबायला लागली. पहाटे पुन्हा ताठ व्हायची. मग पहाटेही ताठ होईनात.

"पाणी कमी पडतंय," आबा म्हणाले.

आमच्या वस्तीला एकच नळ. त्या उन्हाळ्यात त्याला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही अर्धा-पाऊण तास, करंगळीएवढी धार. भांडणं व्हायची, हंडे आपटायचे. पण आबांनी घरोघर जाऊन सांगितलं आणि एकही बाई नाही म्हणाली नाही. पाण्याच्या दिवशी घरामागं एक हंडा पिंपळाला. बावीस हंडे. डोक्यावर हंडा घेऊन विहाराच्या मागं जायचं, खड्ड्यात ओतायचा आणि उरलेल्या दोन-तीन हंड्यांत घर भागवायचं. आबा स्वतः आमचा हंडा वाहायचे. साठीला आले होते, हर्नियाचा पट्टा बांधलेला. मला हात लावू द्यायचे नाहीत. "तू तुझी पुस्तकं बघ," म्हणायचे.

पानांच्या कडा करपल्या. मग अख्खी पानं तपकिरी झाली, कडक झाली, झळ आली की खुळखुळायला लागली. आणि एके दिवशी सकाळी आबा घरात आले ते हसतच. माझा हात धरून मला झाडापाशी घेऊन गेले.

"बघ. खाली बघ. एक तरी पान दिसतं का? एक पान गळलं नाही! धरून ठेवलंय पठ्ठ्यानं सगळं. धीराचं झाड शे." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. "तुनी मायनं वाढायेल शे, असं सोडाव नही ते."

पान गळणं हे झाडाचं काम असतं. झाड जिवंत असेल तर ते पानाच्या देठाशी आतून एक पडदा धरतं आणि पान सोडून देतं. मेलेल्या फांदीला सोडताही येत नाही. दारावर बांधलेल्या तोरणातली आंब्याची पानं वाळून खडखडीत होतात, पण आपण होऊन गळत नाहीत, तसंच. एक पान गळलं नव्हतं, याचा अर्थ मला वर्गात उभं राहून कोणीही विचारला असता तर मी डोळे मिटून सांगितला असता.

"हो आबा," मी म्हटलं.

आबा घरी परतल्यावर मी केसातली पिन काढली आणि साल खरवडून बघितली. फांद्या आत तपकिरी. छातीएवढ्या उंचीवर खोड तपकिरी. मग मी खाली बसले आणि अगदी जमिनीलगत खरवडलं, तर तिथं हिरवं होतं. ओलं, गर्द हिरवं, बोटभर. तेव्हाच्या तेव्हा करवत आणून गुडघ्याएवढा बुंधा ठेवून सगळं वर कापलं असतं, खड्ड्यात पाणी ओतणं थांबवलं असतं, तर कदाचित खालून फुटला असता. पिंपळ भिंतीच्या भेगेत जगतो. त्याला एवढं पुरलं असतं.

मी घरी आले. आबा दाराशी बसून शेजारच्या म्हाताऱ्याला सांगत होते, "माझी पोरगी शिकलेली आहे, तिनं आत्ताच बघितलं. म्हणाली, हो." मी त्यांच्या पायांजवळून वाट काढून आत गेले आणि मिठाची गुळणी धरून बसले. उद्या सांगू म्हटलं. उद्याही नाही सांगितलं. का? हजार वेळा स्वतःला विचारलंय. आबांना मी कधी भीत नव्हते, सबंध आयुष्य त्यांच्याशी भांडत आले. पण त्यांचं ते हसणं मोडायला माझी जीभ रेटेना. दया आली असं म्हणावं तर दयेत एवढं मोठं झाड मरू देतात का? आठवडाभरानं मी पुन्हा पिन घेऊन गेले. जमिनीलगतही तपकिरी झालं होतं.

त्यानंतर तरी सांगायचं! पण आता सांगायचं तर आधी का नाही सांगितलं हेही आलं. म्हणून गप्प. आणि पाणी चालूच. दर दिवसाआड बाया ओळीनं यायच्या. खड्ड्यातलं पाणी मुरमात मुरेना, त्याला आंबूस वास यायला लागला, त्यावर आणखी पाणी पडायचं. मी खिडकीत उभी राहून बघायचे. एक बाई पोट सांभाळत यायची, सातवा महिना होता तिला. एकीच्या घरी तापानं फणफणलेलं पोर होतं आणि ती अर्धा हंडा आणून 'आज एवढंच' म्हणून आबांची माफी मागत होती. मी बघत होते. हे सगळं पाणी एका लाकडाच्या बुडाशी जातंय हे माहीत असलेलं एकच माणूस वस्तीत होतं आणि ते खिडकीत उभं होतं.

आषाढ लागला. पाऊस होऊन गेला होता, बांधावरचं वाळलेलं गवतसुद्धा फुटलं. पिंपळ तसाच, तपकिरी पानांसकट उभा. एका सकाळी आबा हत्यारांच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बाहेर पडले. मला कळलं कुठं चाललेत ते. मी मागोमाग गेले. त्यांनी बुंध्याशी बसून स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढून त्यांनी हुंगला, आपल्या लुंगीला पुसला.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हते, त्यामुळे खोटं बोलायलाही काही आधार उरला नाही.

"एक पान गळलं नाही म्हणालात ना, त्या दिवसापासून."

"तेव्हा वाचलं असतं?"

"हो."

आबा उठले. मला वाटलं ओरडतील. मी वाट बघत होते, ओरडा, मारा, काहीतरी करा. त्यांनी फक्त गुडघ्यावरची माती झटकली.

"मी म्हातारा," ते म्हणाले. "माझं चुकलं. मी नाही म्हणालो, ते माझं. पण बायांचं पाणी? ते मी तुझ्या भरवशावर मागितलं." मग म्हणाले, "जाय. घरोघर सांगी ये. मी नही सांगाव."

मी गेले. पहिलंच घर त्या सातव्या महिन्याच्या बाईच्या सासूचं. वस्तीतली सगळ्यांत वडील बाई, सगळे तिला अक्का म्हणायचे. शाळा तिनं कधी पाहिली नव्हती. ती दारात बसून लसूण सोलत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की अक्का, झाड महिन्यापूर्वीच मेलं होतं, मला माहीत होतं आणि मी बोलले नाही.

अक्कानं वर बघितलं. रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता, हिशेबात चूक आपली की दुसऱ्याची ते न कळल्यासारखा.

"आम्हले दिखत व्हतं ना माय," ती म्हणाली. "वाळी गयं, हाई काय सांगनं पडस का? सून रोज म्हने, मेलं झाड शे, पानी नका टाका. मी तिले म्हनू, ती शिकेल शे, ती रोज देखस, ती काही बोलत नही. मंग आपलंच चुकत व्हई."

ती पुन्हा लसूण सोलायला लागली. मी पुढच्या घराकडे वळले. अजून वीस घरं सांगायची होती.